संपकरी परका नव्हे

एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती आपल्याच नगराहून पुण्यास. त्याच जिल्ह्यात २०२१ सालच्या दिवाळीत आगारांची फाटके बंद झाली आणि चालक, वाहक व कार्यशाळेतले कामगार बाहेर ठाण मांडून बसले. त्याला आता वर्षे लोटली. तरी पारावर विषय निघाला की एकच बोल ऐकू येतो : "पगार खाऊन यांनी आमचीच वाट अडविली!" या बोलाचा आज विचार करू.

त्यात खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. ज्याच्या दारी मोटार उभी, त्याचे त्या महिन्यांत काही अडले नाही. अडले ते गरिबाचे. फुकट पासावर शाळेला जाणारी वाडीवरची पोर घरी बसली. दवाखान्यास निघालेल्या म्हातारीला जीपवाला सांगेल तो दर मोजावा लागला.

पण बंधूंनो, फाटकाबाहेर बसला होता तो कोण? दोन एकर जिराईतावर भागेना म्हणून खाकी चढविलेला आपलाच भाऊ. कोणा कुणब्याचा, सुताराचा, धनगराचा मुलगा. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत त्याचा पगार महिनोन् महिने थकला. सरकारी नोकराहून त्याचे वेतन कमी. का, म्हणून विचारले तर उत्तर एकच, महामंडळ तोट्यात आहे! सवलती जाहीर करावयाच्या सरकारने, प्रवासी कर शेकडा साडेसतरा घ्यावयाचा सरकारने, आणि तोटा सोसावयाचा वाहकाच्या चुलीने! हा हिशेब सावकाराच्या वहीतला आहे. तो आपल्या ओळखीचा असावयास हवा.

आणखी एक आठवण देतो. १ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याने पुढाकार घेऊन शेतकऱ्यांचा संप उभा केला. दूध व भाजीपाला शहरास जाणे थांबले. तेव्हा शहरात काय बोलले गेले? "यांनी आमच्या लेकरांचे दूध अडविले!" त्या बोलाने आपल्या काळजाला घरे पडली. मग तोच बोल आपण एस. टी.वाल्यास कोणत्या तोंडाने ऐकवावा?

तरी संपकऱ्यांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. महागाई भत्त्याची मागणी आरंभीच मान्य झाली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली. पण महामंडळाचे सरकारात विलीनीकरण झाल्याखेरीज उठावयाचे नाही, हा हट्ट राहिला. हजारो कामगार निलंबित व बडतर्फ झाले. विलीनीकरण शक्य नाही, असा समितीचा अहवाल आला. अखेर एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत कामावर येण्यास सांगितले व रुजू होणारांस काढू नये असे बजाविले, तेव्हा गाड्या पूर्ववत सुरू झाल्या. दरम्यान शेवगावच्या आगारातल्या एका चालकाने आपला जीव दिला. ते नुकसान कोणता अहवाल भरून देणार?

बसावे केव्हा हे भूक सांगते. उठावे केव्हा हे संघटनेने सांगावयाचे असते. जुन्या संघटनांनी विश्वास गमावला, म्हणून कामगारांनी लगाम वकिलाच्या हाती दिला. छप्पर गळते म्हणून शेजाऱ्याच्या ओसरीवर संसार मांडता येत नाही. छप्परच शाकारावे लागते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांस एकत्र केले. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, महिन्याच्या ठरल्या तारखेस पगार, अशा मोजक्या मागण्या मांडल्या. आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडली. कामगारास समजतील अशा मागण्या आणि कामगारांतला पुढारी, यातच त्यांचे बळ होते.

फाटकावर बसणे हा हक्क आहे. चालत्या गाडीवर दगड मारणे हा हक्क नव्हे. त्या गाडीत आपलीच आई बसलेली असते. संप करण्यापूर्वी संपकऱ्याने गावोगाव येऊन आपले गाऱ्हाणे सांगावे. आणि गावाने? शिव्या देण्याआधी चार भाकरी बांधून फाटकावर जावे व ते ऐकून घ्यावे. सरकारला संपकऱ्याची भीती वाटत नाही. संपकरी आणि प्रवासी एका सतरंजीवर बसले, तर मात्र वाटेल.