पेटीत काय भरायचे, मांडणीवर काय ठेवायचे



कोऱ्हाळे बुद्रुकहून एका सूनबाईचे पत्र आले आहे. तिचे मिस्टर फौजेत आहेत. बदली अंदमानला, पोर्ट ब्लेअरला झाली आहे आणि फॅमिली क्वार्टरही मंजूर झाले आहे. (२०२४ साली सरकारने या शहराचे नाव श्री विजयपुरम केले, पण बोलताना लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात.) ती लिहिते, "सासूबाई म्हणतात सगळे घेऊन जा, तांब्याचा हंडा ने, पाटा-वरवंटा ने. मिस्टर म्हणतात काही नको, कँटीनमध्ये सगळे मिळते. मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. मुलगी आठवीत आहे. ताई, काय नेऊ आणि काय ठेवू?"

पत्र वाचून मला माझी पहिली बदली आठवली. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. आमचे मिस्टर तिथे होते आणि लग्नानंतर दोन वर्षांनी क्वार्टर मिळाले. मी भांड्याकुंड्यांच्या चार पेट्या भरल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, उलट एकेक भांडे पुसून हातात देत होत्या. सहा महिन्यांनी सुट्टीवर आलो तर घरातली मांडणी रिकामी. म्हातारी एका पातेल्यात भात शिजवायची आणि त्याच पातेल्यात भाजी करायची. पाहुणा आला तर शेजारून ताटली मागून आणायची. आणि सागरला माझ्या दोन पेट्या उघडल्यासुद्धा नव्हत्या. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

म्हणून सूनबाई, पहिला नियम हा. आधी घरी काय राहणार ते ठरव, मग पेटी उघड. सासूबाईंची रोजची भांडी, त्यांचा हंडा, त्यांचे अंथरूण-पांघरूण, शेगडी आणि औषधाचा डबा बाजूला काढ. त्याला हात लावायचा नाही. उरले त्यातून नेण्याचा विचार कर.

आता जिथे जायचे ते ठिकाण समजून घे. अंदमान म्हणजे बंगालच्या उपसागरातली बेटे. चेन्नईपासून समुद्रमार्गे सुमारे १२०० किलोमीटर. जहाजाने जायला अडीच-तीन दिवस लागतात. विमानाने गेलात तरी जड सामान बहुधा जहाजानेच येते आणि माणसे पोहोचल्यावर कित्येक दिवसांनी हाती पडते. २००१ साली तिथे सैन्य, नौदल आणि वायुदल यांची एकत्र कमान उभी राहिली, त्यामुळे फौजी कुटुंबांची तिथे बरीच वस्ती आहे.

हवा मात्र आपल्यासारखी नाही. बारामतीच्या जिरायती भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे सुमारे तीन हजार मिलिमीटर. थंडी नाहीच. बारा महिने दमट आणि वारा खारा. म्हणून स्वेटर आणि जाड रजया घरीच ठेव. गोधड्या दोनच ने. प्लायवुडचे कपाट, टीपॉय नेऊ नकोस, ओल धरून फुगते. लोखंडी खलबत्ता, विळी, तवा गंजतो. तवा न्यायचाच तर रोज तेलाचा हात फिरवावा लागेल. चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. स्टीलची आणि ॲल्युमिनियमची भांडी चांगली, त्यातही एकात एक बसणारी. घट्ट झाकणाचे डबे मात्र जितके नेशील तितके कमी.

शिलाई मशीन असेल तर जरूर ने. छावणीत गणवेशाच्या उसवणीपासून परकरापर्यंत शिवणाला काम मिळते आणि चार पैसे हाती राहतात. मशीनला तेल दे, वरून प्लास्टिक गुंडाळ आणि फक्त डोके काढून पेटीत ठेव. स्टँड जड असतो.

विजेची चिंता नको. आपल्याकडे आहे तशीच तिथे २३० व्होल्टची वीज आहे, मिक्सर आणि पंखा चालेल. अमेरिकेच्या फौजेतल्या बायका जर्मनीच्या तळावर जातात तेव्हा त्यांना हे कोडे सोडवावे लागते. त्यांच्याकडची वीज १२० व्होल्टची आणि तिथली २३० ची. घरचे यंत्र तसेच लावले तर जळून जाते. म्हणजे पेटी भरण्याची ही डोकेदुखी आपल्या एकटीचीच नाही.

फ्रीज, कूलर, पलंग इथून नेण्याआधी थांब. बऱ्याच छावण्यांत खाट-टेबल सरकारी मिळते. शिवाय बदली होऊन निघालेली कुटुंबे आपले सामान येणाऱ्याला कमी पैशात देऊन जातात. मिस्टर आधी जाऊन हजर होणार असतील तर त्यांना क्वार्टर बघून कळवायला सांग. खोल्या किती, खाट आहे का, पाणी किती वेळ येते. समुद्र चारी बाजूंनी असला तरी पिण्याचे पाणी पावसाचे आणि धरणाचे. पावसाआधीच्या महिन्यांत ते मोजून मिळते. झाकणाचे पिंप तिथे गेल्यावर पहिल्यांदा घे. इथून न्यायची गरज नाही.

एक गंमत सांगते. घड्याळ तेच असले तरी तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो. पाचच्या सुमारास खोलीत उजेड येतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधार पडतो. तेव्हा जुन्या जाड चादरींचे दोन पडदे शिवून ने.

खाण्याचे म्हणशील तर तिथे भात आणि मासे मुबलक. सुके बोंबील नेऊन गाडीतल्या लोकांच्या शिव्या खाऊ नकोस. ज्वारी-बाजरी मात्र सहजी मिळेल असे धरू नकोस. पीठ चार-पाच किलोच ने. जास्त नेलेस तर विरी जाते आणि भाकरी थापता येत नाही, बाजरीचे तर कडू होते. थोडी ज्वारी उन्हात कडकडीत वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भर. काळा मसाला, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी कोरड्या बरण्यांत भर. पाटा-वरवंट्याचे काम मिक्सर करील. दगड समुद्रापार नेण्यात अर्थ नाही.

गॅसचा सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घे, तो दाखवून नव्या गावी जोडणी मिळते. पण सासूबाई त्याच गॅसवर स्वयंपाक करणार असतील तर ही जोडणी मोडू नकोस, तिकडे वेगळी घ्या.

आता सर्वांत हलकी आणि सर्वांत मोलाची पिशवी. कागदांची. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जन्मदाखला, सगळ्यांची आधार कार्डे, बँकेचे पुस्तक, लसीची कार्डे. दुसऱ्या राज्यात जाताना शाळेच्या दाखल्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागू शकते, ती निघण्याआधी विचारून घे. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात काढून ठेव. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. मुलगी उद्या केंद्राच्या परीक्षेला बसेल तेव्हा हा कागद लागेल आणि तो काढायला तिथून बारामतीला येणे परवडणारे नाही. ही पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्वतःच्या खांद्याला ठेव, पेटीत नको. २६ डिसेंबर २००४ ला त्या बेटांवर भूकंप होऊन त्सुनामी आली होती, म्हणून तिथे गेल्यावरही ती दाराजवळच टांगलेली असू दे.

मुलीची मराठी पुस्तके ने. तिथल्या शाळेत हिंदी-इंग्रजी असेल, मराठी सुटेल. भांड्यांची अर्धी पेटी कमी कर पण पुस्तके घाल. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीतच झाला. वडील रामजी सुभेदार फौजेच्या शाळेत शिकवायचे. पेन्शनीनंतर हे घर दापोलीला गेले, मग साताऱ्याला. पुढे मुलाला पुस्तक घेता यावे म्हणून याच वडिलांनी लेकींचे दागिने गहाण ठेवले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो नेताना काच-चौकट काढ, फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेव. तिथे नवी चौकट करता येईल.

पेट्यांवर पांढऱ्या रंगाने नाव, नंबर आणि पेटीचा क्रमांक घाल. कोणत्या पेटीत काय, ते वहीत दोनदा लिही. एक वही तुझ्याकडे, एक मिस्टरांकडे. सामानाचे भाडे पदाप्रमाणे ठराविक वजनापर्यंत सरकार देते. आकडा युनिटच्या कार्यालयात विचारा आणि सगळ्या पावत्या जपा. एक लहान पेटी स्वतःबरोबर ठेव. त्यात तवा, दोन पातेली, पोळपाट-लाटणे, चहा-साखर, मीठ, एक चादर आणि औषधे. मोठे सामान येईपर्यंत संसार तिच्यावर चालेल.

शेवटी एक सांगते. तुझ्या पत्रात हंडा आहे, पाटा आहे, सगळे आहे, पण सासूबाई कुठे राहणार ते नाही. "सगळे ने" म्हणणारी म्हातारी बहुधा हंड्याबद्दल बोलत नसते. मीही तेव्हा विचारले नव्हते. मिस्टरांवर अवलंबून असलेल्या आईला बरोबर नेता येते का, हे त्यांनी युनिटमध्ये विचारावे. यायचे नसेल तर औषधपाण्याचे पैसे दर महिन्याला कसे पोहोचतील, रात्री-अपरात्री हाक कोण ऐकेल, हे सासूबाईंसमोर बसून ठरवा. आज रात्री जेवणे झाली की शेजारी बस आणि सरळ विचार, "आई, तुम्ही येता का?" उत्तर काय येईल ते येवो. पेट्या त्यानंतरच भरायला घे.