फोटोत काय जोडलं ते नियम बघतो, काय कापलं ते कोण बघणार?

२० फेब्रुवारी २०२६ पासून आयटी नियमांमधला एक बदल लागू झालाय. कॉम्प्युटरने बनवलेला किंवा बदललेला, पण बघणाऱ्याला खराच वाटेल असा फोटो, व्हिडिओ किंवा आवाज असेल, तर त्यावर तसं लेबल हवं. मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी पोस्ट टाकणाऱ्याला आधी विचारायचं, की हे बनवलेलं आहे का. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला, तर बेकायदा पोस्ट ३ तासांत काढायची. आधी ही मुदत ३६ तासांची होती.

ही बातमी आल्यावर जळगावच्या ओळखीच्या एका पोराने मला विचारलं, "भाऊ, मग आता बॅनर बनवायचे का बंद करायचे?" तो वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे बॅनर फोनवरच बनवतो. धुळे-जळगाव पट्ट्यात असे शेकडो पोरं आहेत. "भाऊ, एक बॅनर करी दे ना," असा मेसेज आला की फुकटच्या ॲपमध्ये दादांचा फोटो कापायचा, मागे भगवं किंवा निळं बॅकग्राउंड टाकायचं, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो लावायचे. अर्ध्या तासात काम तमाम.

बॅनरवाल्यांनी घाबरायचं का?

नाही. दादांच्या मागे सिंह आणि आकाशात वीज दाखवली, तर ते खरंच घडलं असं कुणी समजत नाही. ते डिझाइन आहे हे उघड दिसतं. रंग सुधारणं, फोटो स्वच्छ करणं, साइज बदलणं अशी साधी एडिटिंगही नियमातून वगळली आहे. अट एकच, त्याने फोटोचा अर्थ बदलता कामा नये.

पण त्याच ॲपमध्ये दादांना कापून अशा नेत्याच्या शेजारी उभं केलं, ज्यांना ते कधी भेटलेच नाहीत, आणि "आज मुंबईत भेट घेतली" असं लिहून टाकलं, तर ते बॅनर राहत नाही. न घडलेली घटना तुम्ही खरी म्हणून दाखवताय. टॅप तोच, ॲप तेच, पण नियमाच्या नजरेत गोष्ट बदलली.

एका टॅपमागे काय होतं?

फोटोशॉप १९९० मध्ये आलं, तेव्हापासून कित्येक वर्षं माणूस कापायचा म्हणजे माउसने कडेकडेने रेघ ओढत बसायचं. आता ॲपमधलं मॉडेल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला विचारतं, तू माणसाचा आहेस की मागच्या भिंतीचा? लाखो फोटो बघून ते हे शिकलेलं असतं. उत्तर "हो" किंवा "नाही" असंच नसतं, "७० टक्के माणूस" असंही असतं. केसांची कड त्यामुळेच अर्धवट पारदर्शक दिसते. २०१८ च्या शेवटी रिमूव्ह डॉट बीजी ही वेबसाइट आली आणि हे काम काही सेकंदांवर आलं. २०२२ मध्ये आयफोनच्या गॅलरीतच ही सोय आली. आज बहुतेक फोनमध्ये ती आहे.

मॉडेल कुठे कमी पडतं हे माहीत असलं, की खोटा फोटो ओळखायला मदत होते. केसांची कड, बोटांमधली फट आणि चष्म्याच्या काचेतून दिसणारं बॅकग्राउंड आधी झूम करून बघा. मग पाय बघा. कापलेल्या माणसाची सावली जुन्या फोटोतच राहून जाते, म्हणून जोडलेला माणूस जमिनीवर टेकल्यासारखा वाटत नाही. उन्हाची दिशाही जुळत नाही.

नवीन एआय ॲप मात्र सावलीही बनवून देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगल जेमिनीचे साडीवाले फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होते. त्या फोटोंच्या पिक्सेलमध्ये सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते. फोटो जेमिनीमध्ये टाकून "हा गूगलच्या एआयने बनवलाय का?" असं विचारलं, तर ती खूण तपासली जाते. पण साध्या ॲपमध्ये कापून चिकटवलेल्या फोटोत अशी खूण नसते. काही कॅमेरे आणि ॲप फोटोच्या फाइलमध्ये एडिटिंगची नोंद ठेवतात, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की अशी माहिती बहुतेक वेळा निघून जाते.

धुळ्याने हे आधीच पाहिलंय

माझा खरा मुद्दा इथे आहे. नवा नियम फोटोत काय जोडलं किंवा बनवलं ते बघतो. नुकसान करायला मात्र काही जोडावंच लागतं असं नाही. कापलं तरी पुरतं.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. मुलं पळवणारे आलेत, ही अफवा त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती.

त्या वर्षी देशभर असे जे मेसेज फिरले, त्यातला एक व्हिडिओ खूप गाजला. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघे पोराला लगेच परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत हा शेवट कापलेला होता.

यात एआय नव्हतं आणि एक पिक्सेलही खोटा नव्हता. कुणीतरी शेवटचे काही सेकंद काढले आणि खाली आपल्या भागाचं नाव लिहिलं. जागरूकतेचा व्हिडिओ पुरावा म्हणून फिरू लागला.

व्हॉट्सॲपने त्याच जुलै महिन्यात "फॉरवर्डेड" ही खूण आणली आणि भारतात एका वेळी फक्त ५ चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायचं जाहीर केलं. कापलेला शेवट त्याने परत आला नाही, फक्त पसरण्याचा वेग कमी झाला.

मग आजचं लेबल हे पकडेल का?

माझ्या मते, राईनपाड्याआधी फिरत होते तसले मेसेज आजच्या लेबलातूनही सुटतील. क्रॉप केलेला फोटो किंवा छाटलेला व्हिडिओ कॉम्प्युटरने "बनवलेला" नसतो. खऱ्याच फोटोखाली खोटं गाव आणि खोटी तारीख टाकली, तर तपासायला सॉफ्टवेअरकडे काही उरत नाही. शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे आत कोणता फोटो आहे हे कंपनीला दिसतच नाही. तिथे लेबल कोण लावणार?

मला आणखी एक भीती वाटते. लेबलची सवय झाली, की लेबल नसलेलं सगळं खरं असं लोक धरून चालतील. तेव्हा लेबल नसलेला, नुसता कापलेला फोटो आजच्यापेक्षा जास्त विश्वासाने पुढे जाईल.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. एक गोष्ट तर फार कामाची आहे. कुणाचा डीपी उचलून, चेहरा कापून अश्लील फोटोवर लावला, तर तक्रार आल्यावर कंपनीला तो आता २ तासांत काढायचाय, आधी २४ तास मिळायचे. आपल्याकडच्या कितीतरी मुली याच भीतीने डीपीला फूल किंवा देवाचा फोटो ठेवतात. असं कुणासोबत झालं, तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, ॲपमध्ये तक्रार करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवा. महिला आणि मुलांच्या बाबतीतल्या अशा तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. पैसे मागून धमकावलं आणि पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करा.

फोनवर लगेच करता येईल असं

१. ॲप फोटो फोनमध्येच कापतं की सर्व्हरवर पाठवतं? एअरप्लेन मोड लावून कापून बघा. कापलं गेलं, तर ते काम फोनमध्येच होतंय. नेट मागितलं, तर फोटो बहुधा बाहेर जातोय. घरच्यांचे फोटो अशा ॲपमध्ये टाकताना दोनदा विचार करा.

२. नवीन अँड्रॉइडमध्ये पूर्ण गॅलरीऐवजी निवडक फोटोंचीच परवानगी देता येते. तीच द्या.

३. मूळ फोटो डिलीट करू नका. उद्या वाद झाला, तर तोच तुमचा पुरावा.

४. वारलेल्या आजोबांना लग्नाच्या फोटोत जोडलं, तर कोपऱ्यात "एडिट केलेला" लिहा. भावना कमी होत नाही, आणि दहा वर्षांनी घरातल्या पोरांचा गोंधळ होत नाही.

५. भडकवणारा फोटो किंवा व्हिडिओ आला, तर तो खरा आहे का एवढंच विचारू नका. याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं आणि फ्रेमच्या बाहेर काय राहिलं, हे विचारा. फोटो किंवा व्हिडिओचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका, जुनी प्रत बऱ्याचदा सापडते. नाही सापडली, तर पाठवणाऱ्याकडे पूर्ण व्हिडिओ मागा. तो मिळेपर्यंत फॉरवर्ड करू नका, गावच्या ग्रुपवर तर अजिबातच नाही.