फुटांचा हिशोब आणि पाण्याचा हिशोब

घोडबंदर परिसरात टँकरच्या बिलांना कंटाळलेली सोसायटी बोअर मारते, आणि दोनशे फुटांवर पाणी पुरेसं लागलं नाही की आणखी खाली जायचं ठरवते. ‘जितकं खोल, तितकं जास्त’ ही समजूत तेलाच्या धंद्यात कधीच निकालात निघाली आहे. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचा मुख्य थर चुनखडीचा आहे आणि तो सुमारे तेराशे-चौदाशे मीटरवर लागतो. तेलविहिरींच्या मानाने ही खोली बेताचीच, तरी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रातून रोज चार लाख पिंपांहून अधिक तेल निघत होतं. याउलट कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दीनदयाळ वायुक्षेत्रात गुजरात सरकारच्या कंपनीने चार-पाच किलोमीटर खोल विहिरी खणल्या. खाली दाब प्रचंड होता, पण खडक इतका घट्ट की गाजावाजाच्या मानाने वायू नगण्यच निघाला.

खोलीबरोबर दाब वाढतो आणि उष्णतेने तेल पातळ होतं, हे खरंच. पण वरच्या थरांच्या भाराने खडकातली छिद्रंही दबत जातात. दाब वाढून वाढून काही पटींनी वाढेल. प्रवाह वाहू देण्याची क्षमता मात्र एका खडकापेक्षा दुसऱ्यात हजारो पटींनी कमी असू शकते. विहिरीतला प्रवाह मुख्यतः या क्षमतेवर ठरतो. दाब आणि ही क्षमता यांवरून प्रवाह सांगणारा, फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये मांडलेला नियम आज तेलवाले वापरतात, पण तो सापडला दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात, वाळूतून पाणी झिरपवताना.

शेजारच्या सोसायटीला तीनशे फुटांवर पाणी लागलं, त्याचं काय? आपल्याकडचा बेसॉल्ट मुळात घट्ट कातळ. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. खोलवर एखादी भेग लागलीच तर तो नशिबाचा भाग, आणि तिथे पावसाचं पाणी पोचायला वेळ लागतो. शिवाय खाडी जवळ आहे. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकण्याचा धोका. राज्याचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटर वा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून निर्बंध घालतो, तो उगाच नाही.

तेल पुन्हा भरत नाही, पाणी भरतं, मग ही तुलना कशाला, असा आक्षेप येईल. पण मुंबई हायलाही बेसुमार उपशाचा फटका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बसलाच, आणि दाब टिकवायला तिथे समुद्राचं पाणी थरात सोडावं लागतं. इथे ते काम दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस फुकट करतो, फक्त फरसबंदी आवारातून त्याला खाली जायला वाट हवी. बोअरवाला पैसे फुटांवर घेतो, तेव्हा खोलीचा आग्रह त्याने धरणं स्वाभाविक आहे. सोसायटीने मात्र मे महिन्यात सलग पंप चालवून तासाला किती लिटर पाणी टिकतं ते मोजावं आणि पुनर्भरणाचा खर्च त्याच ठरावात मंजूर करावा.