तिकिटाची गर्दी आणि फुकटाची गर्दी

राजेहो, रविवारी रात्री मी कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला होतो. हो, तोच, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा. मंगळवारी सकाळी अमरावती एक्स्प्रेसनं परत आलो आणि राजापेठच्या टपरीवर चहाला थांबलो, तर पहिलाच प्रश्न आला, "काहून गेलते भाऊ एवढ्या दूर? गाणे समजले का तरी?"

खरं सांगतो, अर्धे नाही समजले. तिकीटही माझ्या खिशातलं नव्हतं. माझी भाची खारघरला राहते. २२ सप्टेंबरला विक्री सुरू झाली तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी तीन-तीन फोन घेऊन बसल्या होत्या. लाखो लोकांच्या ऑनलाइन रांगेतून त्यांना सगळ्यात स्वस्तातली, म्हणजे अडीच हजारांची तिकिटं मिळाली. वरची किंमत ३५ हजारांपर्यंत होती आणि काळ्या बाजारात तर लाखांत बोली लागली. ऐनवेळी एक मैत्रीण आजारी पडली. भाची म्हणाली, "मामा, तुम्हीच चला, तिकीट वाया जाईल."

गेलो. आणि मजा आली, हे लपवत नाही. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा, गाण्याबरोबर तो पेटतो, रंग बदलतो. चाळीस-पन्नास हजार हात एकदम लाल, एकदम पिवळे. शेजारची पोरगी ढसाढसा रडत होती, तिला कोणी हसलं नाही. "हे काय पोट्ट्यायचे थेर" म्हणणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावं. हरिपाठात तल्लीन झालेला माणूस आणि ती पोरगी यांच्यात मला फार फरक वाटला नाही.

पण वीस वर्षं बातमीदारी केली, सभा, यात्रा, मोर्चे कव्हर केले. गर्दीत शिरलो की आधी बाहेर पडायची वाट शोधायची सवय लागली आहे. तिथंही तेच केलं. तिकिटावर गेटचा नंबर. बाण दाखवणारे फलक. जिन्यावर कोणी बसलं की लगेच उठवणारी पोरं. पाणी विचारलं तर कुठं आहे ते सांगणारा माणूस. बाहेर अँब्युलन्स. कार्यक्रमाच्या आधी ठाणे जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षानं नोटीस काढली होती की लेकरांना मंचावर आणू नका, कानात प्लग नसतील तर आत घेऊ नका. सरकारी कार्यालयाला लेकरांचे कान आठवले, हे वाचून मला बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर नेरूळ स्टेशनवर रेटारेटी होती, पण लोक हळूहळू निघाले. आम्हाला खारघरला जायचं होतं. नेरूळहून तिसरं स्टेशन. उतरलो तेव्हा भाची सहज म्हणाली, "मामा, ते उन्हात लोक गेले ते मैदान इकडंच आहे."

माझ्या डोक्यातून ते वाक्य अजून गेलं नाही.

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. आप्पासाहेब धर्माधिकारींना पुरस्कार, केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते. लाखो श्रीसदस्य आलेले. मंचावर छप्पर, मैदानात उघडं ऊन. भर दुपारपर्यंत कार्यक्रम. उष्माघातानं १४ माणसं गेली. आयोजक कोणी खाजगी कंपनी नव्हती, राज्य सरकारच होतं.

तीच नवी मुंबई. एका मैदानावर माणूस तिकीट काढून आला, त्याच्यासाठी गेट, बाण, पाणी. तीन स्टेशनं पुढं माणूस श्रद्धेनं फुकट आला, त्याच्या डोक्यावर कापडही नाही. अंतर चार-सहा किलोमीटरचं.

२०२४ च्या दिवाळीत, २७ ऑक्टोबरला, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली. अनारक्षित डब्याचे प्रवासी, गावाकडं निघालेले मजूर. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच कोल्डप्लेच्या अहमदाबादच्या कार्यक्रमासाठी रेल्वेनं मुंबईहून खास गाड्या सोडल्या. सोडाव्या, माझी हरकत नाही. पण म्हणजे गर्दीचा आधी अंदाज घेता येतो, गाडीही सोडता येते. जमत नाही असं कोणी सांगू नये.

कोणी म्हणेल, पैसे मोजले तर सोय मिळणारच. मग हे पाहा. अमेरिकेत ह्यूस्टनला नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात चेंगरून १० जण गेले. तोही तिकिटाचाच कार्यक्रम. ब्राझीलमध्ये रिओला नोव्हेंबर २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात भयंकर उकाडा होता, बाहेरून पाणी आणायला बंदी होती, एक तरुण मुलगी गेली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या कायदामंत्र्यानं जाहीर केलं की यापुढं लोकांना पाण्याची बाटली आत नेऊ द्यायची आणि आयोजकांनी फुकट पाणी द्यायचं. म्हणजे नुसत्या तिकिटानं माणूस वाचत नाही. नियम असावा लागतो आणि तो मोडला तर कोणाला पकडायचं हे ठरलेलं असावं लागतं.

फुकटची गर्दी सांभाळता येत नाही, हेही खोटं. आपल्या मोझरीला या. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला लाखो माणसं गुरुकुंजात जमतात, ४ वाजून ५८ मिनिटांनी जिथं असतील तिथं स्तब्ध उभी राहतात. कोणाजवळ तिकीट नसतं. तिथं गुरुदेव सेवा मंडळाचा माणूस जागोजागी उभा असतो आणि आलेला माणूस पाहुणा आहे असं समजतो.

२५ जानेवारी २०२५ ला मांढरदेवीला वीस वर्षं झाली. काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली होती. त्यानंतर चौकशी आयोग झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये गर्दीच्या कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिकाच काढली. कागद आहे राजेहो. त्यावर सही कोणाची, हा प्रश्न आहे.

आता माझ्यावर येतो. काही वर्षांमागं जिल्ह्यातली एक उन्हाळी सभा मी कव्हर केली. भर दुपार, पाहुणे दोन तास उशिरा. माझ्यासमोर एक म्हातारी चक्कर येऊन पडली. मीच तिला सावलीत नेलं, माझ्याच बाटलीतलं पाणी पाजलं. आणि संध्याकाळी बातमी काय लिहिली? "अलोट जनसागर उसळला." आकडा आयोजकांनी दिला तोच छापला. म्हातारी माझ्या बातमीत नव्हती. आम्ही पत्रकार गर्दीचा आकडा विचारतो, पाण्याचा विचारत नाही. कोणाला खाली पाहायला लावायचं असेल तर आधी मलाच.

महापालिकेची निवडणूक कधी ना कधी लागतेच. मग दसरा मैदान, सायन्सकोर, नेहरू मैदान, सगळीकडं सभा होतील. लोक ट्रॅक्टर-टेम्पोतून आणले जातील. परवानगी देणाऱ्यांना तीनच गोष्टी मागा. किती माणसांची परवानगी दिली, पाणी आणि सावली कितीजणांची आहे, आणि काही झालं तर जबाबदार माणसाचं नाव काय. हे तिन्ही मैदानाच्या दारावर फळ्यावर लिहा. कोल्डप्लेच्या तिकिटावर गेट नंबर छापता येतो, तर हेही जमेल.

पुढच्या सभेच्या बातमीत मी टँकर मोजून लिहिणार आहे, शब्द देतो. तुम्ही गेलात तर मंचाचा फोटो नका पाठवू. पाण्याच्या टाकीचा पाठवा. टाकीच नसेल, तर रिकाम्या जागेचा पाठवा.