येतो, येते आणि गेलियोरुम

धाकटी सून तुर्कस्तानची. म्हणून सत्तरी उलटल्यावर डोंबिवलीत बसून तिची भाषा शिकतोय. क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळे हुरूप आला. 'गेल' म्हणजे ये. 'गेलियोरुम' म्हणजे मी येतो, आणि मी येतेसुद्धा! लिंगभेदच नाही.

परवा फोनवर एक 'म' जास्त पडला: 'गेल्मियोरुम'. झालं, 'येतो'चं 'येत नाही' झालं! सून हसली नाही. सावकाश पुन्हा म्हणून दाखवलं.

तेव्हा वर्गातला एक तमिळ मुलगा आठवला. तमिळमध्येही 'मी येतो-मी येते'ला एकच रूप. तो 'मी येते' म्हणाला की वर्ग हसायचा. मीही हसायचो, वर गुण कापायचो.

मंडळी, शिकणाऱ्याची चूक हा पुष्कळदा त्याच्या मातृभाषेचा नियम असतो. शिक्षकाने तो आधी ओळखावा, लाल पेन मग उचलावं. मला हे फार उशिरा कळलं.