दहा मिनिटं नुसतं बघता येतं का?

परवा आमच्या फिल्म क्लबमध्ये २०१३ चा ‘मनकामना’ पाहिला. नेपाळमधल्या मनकामना देवीच्या रोपवेत, प्रवाशांसमोर कॅमेरा ठेवलाय. तो हलत नाही, निवेदन नाही. ११ फेऱ्या, प्रत्येक साधारण १० मिनिटांची. बस्स.

पहिल्या फेरीत एक म्हातारे गृहस्थ आणि एक मुलगा. दोघंही गप्प! खरं सांगतो, मी मोबाईल काढला होता.

पुढे एका फेरीत दोन बायका आइस्क्रीम खातात. ते वितळतंय, हातावर ओघळतंय, त्या हसतायत. ‘कसं होतं?’ विचारलं असतं, तर बहुतेक ‘छान’ म्हणाल्या असत्या. अडचण कुठेय ते बघूनच कळतं.

आपण मात्र ओळखीच्यांना विचारतो. ते म्हणतात ‘चालेल की!’, आणि आपण साठवलेले पैसे गाळ्याच्या डिपॉझिटला देऊन मोकळे.

माझं मत स्पष्ट आहे. गाळा घेण्याआधी आठवडाभर त्याच्यासमोर बसा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दहा-दहा मिनिटं. मोबाईल खिशात, वही हातात. कोण थांबतं? गाडी कुठे लावतात? शेजारच्या दुकानातून कोण रिकाम्या हातानं बाहेर येतं?

कंटाळा येईल. येऊ द्या. डिपॉझिट बुडण्यापेक्षा कंटाळा स्वस्त पडतो!