संयोजकाचे कर्तृत्व : एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

फ्रँक सिनात्रा यांची 'साँग्ज फॉर स्विंगिन् लव्हर्स' ही ध्वनिमुद्रिका कॅपिटल कंपनीने १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. बिग बँडच्या साथीने गायलेल्या गीतसंग्रहांत तिचे स्थान आजही वरचे मानले जाते. तिच्याविषयी लिहिणारे बहुधा सिनात्रांचा आवाज, त्यांची शब्दफेक आणि तालाशी चाललेली त्यांची लीला यांपाशी थांबतात. आमच्या मते हे अर्धेच वाचन आहे. संगीत-संयोजक नेल्सन रिडल यांना या कृतीचे सहकर्ते मानल्याशिवाय तिचा अर्थ पुरता हाती लागत नाही.

ध्वनिमुद्रिकेतील बहुसंख्य गाणी त्या वेळी जुनीच होती. कोल पोर्टर यांचे 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' हे गीत १९३६ च्या 'बॉर्न टू डान्स' या चित्रपटातले. शब्द तेच, चाल तीच. मग वीस वर्षांनी ते नवे का वाटावे? आरंभी वाद्यवृंद दबक्या आवाजात, मध्यम लयीत चालतो. पुढे गायक थांबतो. खर्जातल्या ट्रॉम्बोनची एक लहानशी स्वराकृती पुनःपुन्हा येऊ लागते, तिच्यावर इतर वाद्यांचे थर चढत जातात, आणि ताण शिगेला पोहोचताच मिल्ट बर्नहार्ट यांचा ट्रॉम्बोन उसळून बाहेर येतो. बुद्धीने बजावूनही न आवरणारी ओढ हा या गीताचा विषय. शब्द त्या ओढीची कबुली देतात. बांध प्रत्यक्ष फुटतो तो या शब्दहीन खंडात. त्यानंतर परतलेले सिनात्रा पूर्वीचेच शब्द गातात, पण त्यांचा अर्थ तोवर पालटलेला असतो.

हे गीत १२ जानेवारी १९५६ रोजी हॉलिवूडमध्ये मुद्रित झाले. गायक आणि वादक एकाच दालनात, एकाच वेळी गात-वाजवत होते. त्यासाठी बावीस टेक झाले असे सांगितले जाते. गायकाचा सूर उत्तम लागला तरी ट्रॉम्बोन चुकल्यास सारे पुन्हा करावे लागे. शिवाय, दीर्घ श्वासाचे गायन आपण टॉमी डॉर्सी यांचे ट्रॉम्बोनवादन पाहून शिकलो, असे सिनात्रा स्वतः सांगत. ज्याचा कंठच वाद्याकडून घडला, त्याच्यामागील वाद्यांना निव्वळ 'साथ' कसे म्हणावे?

यावर आक्षेप घेता येईल. गीतांची निवड आणि संग्रहाची एकसंध भाववृत्ती यांवर सिनात्रांचा शिक्का आहे, आणि रिडल यांनी इतर गायकांसाठीही संयोजन केले. तेव्हा वेगळेपण गायकाचेच. यातला पहिला भाग आम्हांला मान्य आहे. परंतु एका कर्त्याचा वाटा सिद्ध झाल्याने दुसऱ्याचा रद्द होत नाही. नाट्यसंहिता आणि प्रयोग यांचे नाते शिकवताना आपण हा विवेक पाळतो. गाण्यापाशी येताच तो सोडतो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातही जॅझ आणि बिग बँडची भाषा मोठ्या प्रमाणात गोव्याच्या वादक-संयोजकांनी आणली. सी. रामचंद्र यांच्या संगीतामागे चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबास्टियन डिसोझा. श्रेयनामावलीत सेबास्टियन यांचे नाव अनेकदा 'सहायक' या शब्दाखाली येई. त्या एका शब्दाने कर्तृत्वाचा प्रश्न परस्पर निकालात निघाला, आणि रसिकांनी व समीक्षकांनी तो तसाच स्वीकारला.

गीताचे विश्लेषण करताना आपण कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे घेतो. तेथे संयोजकाचे चौथे नाव घेण्याची शिस्त अध्यापनात आणि समीक्षेत यायला हवी. तो सौजन्याचा भाग नव्हे. ते नाव वगळले की गाण्यातील अर्थ नेमका कोठे घडला, हे आपल्याला दाखवता येत नाही; आणि ते दाखवणे हेच तर समीक्षेचे काम आहे.